गाळलेली सहा वर्षं

गिरीश आणि त्याची बायको देवयानी बर्मिंगहॅमहून निघाल्याचा फोन आला तेव्हा वैजयंती पुरणयंत्र फिरवत होती, आणि सासूबाई अजून वरच्या खोलीतून खाली आल्या नव्हत्या. हे लक्षण काही बरं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही लीलावतीबाई रविवारी सगळ्यांच्या आधी आवरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी काळी कॉफी घेऊन बसायच्या. आज त्यांची खुर्ची रिकामी होती.

“अहो, आईंशी बोललात ना तुम्ही?”

रवी जेवणाच्या टेबलाला मधली फळी जोडून ते लांब करत होता. “त्यात बोलायचंय काय? एक समई तर लावायचीय. पाच मिनिटांचं काम.”

“म्हणजे नाही बोललात.”

“गिरीश विचारेल ना. त्याच्या आजोबांचा कार्यक्रम आहे.”

वैजयंतीने दांडा जरा जोरातच फिरवला. येत्या जूनमध्ये अण्णासाहेबांची जन्मशताब्दी होती. अण्णासाहेब म्हणजे रवीचे थोरले काका, पुण्याचे श्रीनिवास घारपुरे. ‘तेजोनिधी’ साप्ताहिकातले त्यांचे लेख गिरीशने दोन वर्षं खपून गोळा केले होते. प्रकाशन लंडनला, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. पुण्याहून दोन पाहुणे यायचे होते. अध्यक्ष डॉक्टर रवी घारपुरे, आणि दीपप्रज्वलन घराण्यातल्या सर्वांत वडील व्यक्तीच्या हस्ते. ती व्यक्ती म्हणजे लीलावतीबाई, त्यांचे दिवंगत धाकटे भाऊ मुरलीधर यांच्या पत्नी. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात जन्मलेल्या, माहेरच्या लिली काट्झ.

दोन भावांमध्ये एकोणचाळीस साली काहीतरी झालं आणि ते पुन्हा कधी बोलले नाहीत, एवढंच वैजयंतीला ठाऊक होतं. चौतीस वर्षं ती या घरात होती, पण काय झालं ते तिने विचारलं नव्हतं. विचारणं तिला परवडणारं नव्हतं. तिचं लग्न अण्णासाहेबांनीच जमवलं होतं. तिच्या वडिलांच्या बैठकीत बसून ते म्हणाले होते, “मुलगा अर्धा जर्मन आहे, पण सबंध घारपुरे आहे.” त्या एका वाक्यावर ती लंडनला, ईलिंगच्या या घरात आली. शाळेत असताना तिची फी माफ करून घेणारे, ती मॅट्रिकला पहिली आली तेव्हा घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवणारे अण्णासाहेब. त्यांचा फोटो तिने या घरात कधी लावला नाही. का लावत नाही, हेही तिला कोणी विचारलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. लीलावतीबाई कठड्याला धरून उतरत होत्या. घरचे लोक जेवायला असले की त्या साडी नेसत. आज करडा स्कर्ट होता, पांढरा ब्लाउज आणि पायांत बाहेर जायचे बूट.

“आई, कुठे निघालात?”

“कुठे नाही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “पुरणपोळी करते आहेस का? अण्णासाहेबांना फार आवडायची.”

वैजयंतीला त्यांच्या आवाजात काही सापडेना.

*

गिरीशने पुस्तकाची मुद्रितं टेबलावर ठेवली आणि क्षणभर त्यांवर तळहात तसाच राहू दिला. बँकेतली नोकरी सांभाळून, पुण्याच्या ग्रंथालयांमध्ये सुट्ट्या घालवून त्याने हे काम केलं होतं. लहानपणी तो याच माणसाच्या मांडीवर बसून वर्तमानपत्रातली अक्षरं लावायला शिकला होता. तीसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, मुलींसाठी वसतिगृह काढलेले, वार लावून जेवणाऱ्या मुलांना स्वतःच्या पंगतीला घेणारे आजोबा. आणि त्यांचं नाव आज पुण्यातही कोणाला आठवत नव्हतं.

“रवीकाका, प्रस्तावना एकदा बघून घ्या. मंगळवारी प्रेसला जाणार.”

“उत्तम झालीय रे,” रवी म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. “आणि वंशावळ?”

“शेवटी टाकलीय. नऊ पिढ्या. तुमचं नाव आहे, ईशिताचं पण आहे.”

ईशिता, रवीची मुलगी, हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन बदलत उशिरा पोचली होती आणि उभ्यानेच पानं चाळत होती. तिथल्या हॉस्पिटलमध्ये ती एक्स-रे काढायची. मराठी सावकाश वाचायची, पण वाचायची. “गिरीशदादा, हे काय? थर्टी-टू, आणि नेक्स्ट एकदम फॉर्टी. मधली इयर्स कुठे गेला?”

“निवडक लेख आहेत गं. सगळं कसं घेणार?”

“पण सिक्स, सेव्हन इयर्स?”

“तेव्हाचे विषय आता कोणाला कळणार नाहीत,” गिरीश म्हणाला. “परदेशी राजकारण वगैरे. संदर्भ वेगळे होते.”

त्याने देवयानीकडे पाहिलं. सगळं पुस्तक तिनेच कॉम्प्युटरवर घातलं होतं, रात्री जागून, जुन्या झिजलेल्या टाइपातली अक्षरं भिंगाने बघून. या वाक्याला तिने मान डोलवायला हवी होती. ती चटणी वाढून घेत होती.

वाढणं झालं. पहिली पोळी ताटात पडल्यावर गिरीशने विषय काढला. “लीलाआजी, एक विनंती होती. जूनमध्ये समई तुम्ही लावायची. आता घारपुऱ्यांमध्ये तुमच्याइतकं वडील कोणी राहिलं नाही. आजोबांना बरं वाटेल.”

लीलावतीबाईंनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला, खाल्ला, आणि बोटं पुसली.

“लावीन,” त्या म्हणाल्या.

वैजयंतीने सुटकेचा श्वास सोडला.

“ती सहा वर्षं छाप, मग लावीन.”

त्यांचं मराठी नवऱ्याकडून आलेलं, साठ वर्षांपूर्वीचं पुणेरी होतं. उच्चार परका, पण शब्द एकेक तोलून. गिरीशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आजी, मी तुमच्यासाठीच तर ते काढले. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“माझ्यासाठी नाही काढलेस. तुझ्यासाठी काढलेस. तेहेतीस ते एकोणचाळीस. त्या सहा वर्षांत ते काय लिहीत होते, मला माहीत आहे. मुसोलिनीने हबसाणावर, आताच्या इथिओपियावर, विषारी वायू सोडला, तेव्हा त्यांनी लिहिलं की दुबळ्या राष्ट्राचं असंच होतं. हिटलरने ऱ्हाइनच्या काठी सैन्य आणलं, त्यांनी शाबासकी दिली. व्हिएन्ना घेतलं, शाबासकी. आमच्या, ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या तेव्हा काहीच लिहिलं नाही. हे पाहा, तेही छाप. तो कोरा अंक.”

“आजी, तेव्हा आपल्यावर राज्य कोणाचं होतं?” गिरीशचा आवाज चढला. “इंग्रजांचं! आपल्याला हुकूमशहा बघायला जर्मनीला जायची गरज नव्हती, तो याच शहरात बसला होता. त्रेचाळीस साली बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, ती कोणाच्या राज्यात? इंग्रजांना कोणीतरी शह देतोय म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला बरं वाटणारच. पुढे काय होणार हे कोणाला दिसत होतं?”

“खरं आहे,” लीलावतीबाई म्हणाल्या. “इंग्रजांचं बोललास ते सगळं खरं आहे. मी त्यांची भांडी घासली आहेत, मला सांगू नकोस. पण ‘कोणाला दिसत होतं’ हे खोटं. मी सांगितलं होतं. त्यांच्या समोर बसून.”

*

रवीला हे ऐकायचं नव्हतं. साठ वर्षांचा झाला तरी आईच्या आवाजातला हा थंडपणा आला की त्याला शाळेचं मैदान आठवायचं. युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मुलं एका दिवशी त्याला काळा म्हणून मारायची, दुसऱ्या दिवशी आई जर्मन म्हणून. ती ज्यू आहे, तिचेच लोक मारले गेलेत, हे त्या वयात कोणाला समजावणार? घरी येऊन तो काही सांगायचा नाही. वडील दवाखान्यात, आई गप्प. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी वडिलांच्या मनाविरुद्ध तो पुण्याला गेला. स्टेशनवर एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने रवीला छातीशी धरलं. “आलास? उशीर केलास रे,” एवढंच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा रवी कुठल्यातरी माणसांमध्ये गेला होता जिथे कोणी त्याला काही विचारलं नाही.

ते पुणं त्याच्याकडून कोणी हिसकावून घ्यावं, हे त्याला सहन होणार नव्हतं. आईनेसुद्धा.

“आई, पुरे,” तो म्हणाला. “माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाली. त्या वेळी निम्मं जग टाळ्या वाजवत होतं. लंडनमध्ये पण वाजवत होते. म्युनिकचा करार झाला तेव्हा लोक रस्त्यावर नाचले, तूच सांगतेस.”

“नाचले. मी कामाला होते त्या घरच्या मालकिणीने केक केला होता. मी त्याचे तुकडे करून वाढले.” लीलावतीबाईंनी ताट बाजूला सारलं. “माझ्या बापाला वाटलं, हिटलर चॅन्सेलर झाला आहे, आता जबाबदारी आली की शहाणा होईल. व्यापाऱ्यांना वाटलं, संप थांबले, बरं झालं. इंग्रजांना वाटलं, कम्युनिस्टांपेक्षा हा परवडला. पुण्याला वाटलं, इंग्रजांची खोड मोडतो आहे, मोडू दे. ज्याला त्याला त्याच्यात आपल्या कामाचं काही ना काही सापडलं. आणि दर वेळी तो एक घास घ्यायचा, आणि दर वेळी सगळे म्हणायचे, आता याचं पोट भरलं. तुमच्या पुस्तकांत युद्ध एकोणचाळीसच्या सप्टेंबरात सुरू होतं. आमच्या गल्लीत सहा वर्षं आधीच सुरू झालं होतं. फक्त दुसऱ्या बाजूने कोणी लढत नव्हतं.”

“हो, आणि म्हणून गेल्या वर्षी इराकवर गेले ना आपले शूर लोक,” गिरीश म्हणाला. “हुकूमशहाला वेळेत रोखायला! ईशिता, तू तर हाइड पार्कला मोर्चात होतीस त्याविरुद्ध. तेव्हा आजीचं म्हणणं कुठे गेलं होतं?”

ईशिता लाल झाली. त्या फेब्रुवारीत तिचं आणि आजीचं यावरून मोठं वाजलं होतं. आजी म्हणाली होती, आमच्या वेळी हिटलरला कोणी रोखायला आलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. “दॅट्स नॉट द सेम थिंग,” ती म्हणाली. “आणि मला आजीच्या मागे लपायचं नाहीये. मी तिच्याशी फाइट केला. पण ती जे बोलली ते लपवत नाही. तू लपवतोयस, दादा.”

“आईंना बोलू दे,” वैजयंती अचानक म्हणाली. आपल्या तोंडून हे निघालं याचं तिलाच नवल वाटलं. “आई, तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?”

लीलावतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहावी आणि तो आल्यावर त्याचं काय करावं ते कळू नये, तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“अडतीसच्या नोव्हेंबरात माझ्या बापाला घरातून धरून नेलं,” त्या म्हणाल्या. “बूखेनवाल्डला, छळछावणीत. काही आठवड्यांनी सोडलं, देश सोडून जा म्हणून. कुठे जाणार? इंग्लंडने मला मोलकरीण म्हणून येऊ दिलं होतं. म्हाताऱ्या वकिलाला, त्याच्या बायकोला, शाळकरी मुलाला कोण घेणार? मग हे म्हणाले, आपण पुण्याला जाऊ. अण्णांचे एक मित्र दक्षिणेकडच्या एका संस्थानात दिवाण आहेत. त्यांनी हमी घेतली तर तुझे लोक हिंदुस्थानात येतील. अण्णांनी नुसता शब्द टाकायचा.

“आम्ही गेलो. अण्णासाहेब माझ्याशी वाईट वागले नाहीत. हे सगळ्यांनी नीट ऐका. घरातल्या बायका मला शिवत नव्हत्या, तेव्हा ते स्वतः उठून माझ्या ताटात वाढायचे. मला सूनबाई म्हणायचे. लीलावती हे नाव त्यांनीच ठेवलं. मी मार्चपर्यंत थांबले. जेवढं मराठी आलं तेवढं गोळा केलं, आणि त्यांच्यासमोर बसून सांगितलं. वडिलांना कसं मारलं. आईने दागिने कसे दिले. भावाला शाळेतून कसं काढलं.

“त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग म्हणाले, ‘सूनबाई, तू आमची झालीस. तू जन्मभर इथे राहा. पण त्यांच्यासाठी मी शब्द टाकणार नाही. सहा वर्षं मी लिहितो आहे की त्या देशाने कंबर कसली म्हणून तो उभा राहिला. उद्या लोक म्हणतील, तिथून पळालेलं बिऱ्हाड अण्णांनीच आणून बसवलं. मग माझ्या लेखणीला अर्थ काय राहिला?’”

लीलावतीबाई घोटभर पाणी प्यायल्या.

“आणि मग माझी समजूत घातली. ‘घाबरू नको. नवीन राज्य बसताना चार दिवस गडबड होतेच.’ त्याच आठवड्यात जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्यावर त्यांनी अग्रलेख लिहिला. यांनी मला वाचून दाखवला नाही. नुसता घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईची गाडी धरली.”

“आणि ते लोक?” वैजयंतीने विचारलं.

“एकेचाळीसच्या नोव्हेंबरात त्यांना आगगाडीत घालून लिथुआनियाला नेलं. कौनासला. तिथल्या किल्ल्यात सगळ्यांना गोळ्या घातल्या.”

*

देवयानीला ते अग्रलेख जवळजवळ पाठ होते. तिनेच ते आधी कॉम्प्युटरवर घातले होते, सगळेच्या सगळे. गिरीश बघून ‘हे काढ’ म्हणाला तेव्हा एका बोटाने काढलेही होते. प्रागचा तर चांगलाच लक्षात होता. रक्ताचा थेंब न सांडता, असं त्यात तीनदा आलं होतं. तेव्हा तिने गिरीशला म्हटलं होतं, निदान एक टीप टाकू. तो म्हणाला होता, पुण्याहून पाहुणे येणार आहेत, कशाला नसती उठाठेव. आणि तिला ते पटलं होतं. नवऱ्याचं इतक्या वर्षांचं स्वप्न होतं, आजोबांबद्दलचं त्याचं प्रेम खरं होतं. पण त्या अग्रलेखाची तारीख आणि समोर बसलेली बाई एकाच आठवड्यातल्या आहेत, हे तिला आत्ता कळत होतं.

“गिरीश, आपण छापू या ना,” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्याकडे फाइल आहे अजून. मी पुसली नाही. चार दिवस उशीर होईल, प्रेसला सांगता येईल. अण्णासाहेबांचं वसतिगृहाचं काम राहीलच की. ते कोण पुसणार आहे? पण हेही त्यांचंच आहे.”

“तुला कळतंय का तू काय बोलतेयस?” गिरीश उभा राहिला. “त्यांच्यावर मराठीत एक ओळ लिहायला कोणी उरलं नाही. मी हे छापलं की त्यांची ओळख तेवढीच राहणार, हिटलरचा पुण्यातला भाट. बाकी सत्तर वर्षं गेली वाऱ्यावर. लोकांना तेवढंच हवं असतं. आणि शेवटी त्यांनी काय केलं? कोणाला मारलं? एक हमी दिली नाही. शेकडो लोकांनी दिली नाही. इंग्लंडने दिली नाही, अमेरिकेने दिली नाही! सगळ्या जगाचं पाप माझ्या आजोबांच्या गळ्यात?”

देवयानीला वाटलं, तो चुकीचं बोलत नाहीये, आणि तरी त्याचं ऐकवत नाहीये.

“गिरीश बरोबर म्हणतोय,” वैजयंती हळूच म्हणाली.

“आई!” ईशिता वळली.

“तू गप्प बस. तुला काय माहीत आहे त्यांच्याबद्दल?” वैजयंतीचे डोळे भरून आले होते, पण आवाज कडक होता. “मी विचारलं, मला कळलं. वाईट झालं. फार वाईट झालं, आई, मी काय बोलू? पण माझ्यासारख्या कितीतरी मुलींना त्या माणसाने उभं केलं. मी त्यांचं नाव मातीत जाताना बघायला बसणार नाही. देवयानी, तू परवाची आलेली. घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायची घाई तुला कशाला?”

“काकू, माझे हात लागलेत त्या पुस्तकाला,” देवयानी म्हणाली. “माझं नाव आतल्या पानावर आहे. ते काढ, गिरीश. मी जूनमध्ये येणार नाही.”

गिरीशने तिच्याकडे पाहिलं नाही. तो मुद्रितं गोळा करत होता, कडा सारख्या करत होता. मग रवीकडे वळला. “रवीकाका, तुमचं काय ते सांगा. पुस्तक आहे तसंच जाणार. तुम्ही अध्यक्ष नसलात तर पाहुण्यांना आजच कळवावं लागेल.”

रवीने आईकडे पाहिलं. तिने काही म्हणावं, रागवावं, नको जाऊ म्हणावं, म्हणजे मग काहीतरी ठरवता येईल, असं त्याला वाटत असावं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती.

“मी येईन,” रवी म्हणाला. आणि लगेच, घाईघाईने, “आई, मी भाषणात सांगेन ना. दोन वाक्यं सांगेन. काळाच्या मर्यादा होत्या म्हणून.”

“वंशावळ केली आहे म्हणे तुम्ही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “मला मराठी वाचता येत नाही. सांग बघू.”

“आता?”

“आता.”

रवीने सांगायला सुरुवात केली. विश्वनाथभट, त्यांचे गोपाळ, गोपाळरावांचे रामचंद्र. पुढेपुढे त्याचा आवाज मोकळा होत गेला. कुठला पूर्वज कोकणातून कधी वर आला, कोणाला मूल नव्हतं, कोणी दत्तक घेतलं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. श्रीनिवास आणि मुरलीधरापाशी येऊन तो थांबला.

“आता माझ्याकडची.”

“आजोबा एर्न्स्ट काट्झ. आजी हेडविग.”

“आणि माझा भाऊ?”

रवीने तोंड उघडलं. देवयानीला त्याचा चेहरा बघवेना. तिने ईशिताकडे पाहिलं, तर ईशितानेही मान खाली घातली होती. वैजयंती ताटं उचलू लागली होती, तिचे हातही थांबले.

“आई, तू कधी…”

“घारपुऱ्यांच्या नऊ पिढ्या तुला कोणी घरी येऊन सांगितल्या नाहीत, रवी. तू विचारत गेलास. चौकशी केलीस. पुण्याला किती वेळा गेलास!”

“सांग ना मग. काय नाव होतं?”

लीलावतीबाई उठल्या. देवयानीने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. “जा हो तू कार्यक्रमाला,” त्या मुलाला म्हणाल्या. “तुझंच घर आहे ते.”

*

कार्यक्रम चांगला झाला. हॉल भरला होता. समई वैजयंतीने लावली. रवीने भाषणात काळाच्या मर्यादांचा उल्लेख केला आणि पाहुण्यांनी त्याबद्दल त्याचं कौतुक केलं. ईशिता आली नव्हती. पुस्तकाच्या आतल्या पानावर अक्षरजुळणीपुढे कोणाचंच नाव नव्हतं.

देवयानी त्या दिवशी एकटीच ट्रेनने बर्मिंगहॅमहून ईलिंगला आली. गेल्या महिन्याभरात गिरीश तिच्याशी भाजी, बिलं आणि मुलाची शाळा एवढंच बोलला होता. तिने येते म्हणून फोन केला नव्हता. लीलावतीबाईंनी दार उघडलं आणि आश्चर्य न दाखवता तिला आत घेतलं.

कॉफी झाल्यावर देवयानीने पिशवीतून कागद काढले. “तुम्हाला ऐकायचंय का? प्रागचा आहे. बाकीचेही आहेत.”

“वाच.”

देवयानीने वाचला. भाषा सुंदर होती, तेच तिला बोचलं. लीलावतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “चांगलं लिहीत असत,” आणि पुढचा वाच म्हणून सांगितलं नाही.

कागद परत पिशवीत गेले. मग देवयानीने विचारलं, “आजी, त्यांचं नाव काय होतं? तुमच्या भावाचं?”

“हाइनी.”

“हायनी.”

“तसं नाही. हाइ-नी. जीभ दातांना लावू नको.”

देवयानीने पुन्हा म्हटलं. लीलावतीबाईंनी मान हलवली. तिसऱ्यांदा जमलं.

“सतरा वर्षांचा होता,” लीलावतीबाई म्हणाल्या. “मी पुण्याहून कळवलं होतं, काम होईल असं दिसतं आहे. मला खरंच वाटत होतं, अण्णासाहेब नाही म्हणणार नाहीत. हाइनीने त्याच दिवशी आपले स्केट्स शेजारच्या पोराला देऊन टाकले. हिंदुस्थानात बर्फ नसतो म्हणून. आई रागावली, आधी व्हिसा तर येऊ दे. तो म्हणाला, लिलीच्या दिराने शब्द टाकलाय, आता काय?” त्या हसल्या. हसताना त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. “पुढचा सबंध हिवाळा तो तळ्याच्या काठावर उभा राहून दुसऱ्यांना बघायचा. त्या पोराकडे परत मागायची त्याला लाज वाटायची. अन् तोपर्यंत आमच्या लोकांना तळ्यावर जायची बंदीही होती.”

देवयानीने त्यांचा हात धरला. लीलावतीबाई आणखी सांगत राहिल्या, हाइनी शिट्टी कशी वाजवायचा, गणितात कसा नापास व्हायचा, वकिलाचा मुलगा असून खोटं बोलताना कसा लगेच पकडला जायचा. मधेच एखादा जर्मन शब्द यायचा आणि त्या तो मराठीत शोधायच्या. देवयानी मधेमधे हसत होती.

बाहेर गाडी थांबली. कुलपात किल्ली फिरली आणि रवी आत आला, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पुस्तकाच्या चार प्रती. मागे वैजयंती होती. रवीने हॉलमधूनच हसण्याचा आवाज ऐकला असावा, कारण तो दारात आला तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर हसू होतं.

“काय चाललंय? कोणाबद्दल बोलताय?”

देवयानी कॉफीचे कप उचलायला उठली.

“काही नाही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “तू ओळखत नाहीस.”